बॅटरीचा दिवा हाच ब्रेकचा दिवा : जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परमधले बिघाड कसे शोधायचे

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, सीट उपसून काढायच्या आणि आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची, हा उद्योग आता पुष्कळ जण करतात. गाडी त्याला साजेशीही आहे. मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवरून बजाज टेम्पोने ती १९८७ मध्ये आणली, २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, आणि सुटे भाग अजून तालुक्याच्या गावीही मिळतात. मिळतात म्हणूनच एक खोड लागते : गाडी चालू झाली नाही की नवी बॅटरी, तरी नाही झाली की नवा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर), ब्रेक खाली गेला की नवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा). वीसएक हजार रुपये जातात आणि दोष निघतो शे-दोनशेच्या अर्थिंगच्या पट्टीत. म्हणून आधी मोजायचं, मग खोलायचं, आणि विकत घ्यायचं सगळ्यात शेवटी.

हाताशी एवढं हवं : मल्टिमीटर (चारशे-पाचशे रुपयांचा चालतो, फक्त १० अँपिअरचं सॉकेट हवं), हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा), टेस्ट लॅम्प, जाड तांब्याच्या जंपर केबल, दोन जॅक स्टँड, चाकामागे लावायला लाकडी ठोकळे, आणि फॅन बेल्ट. बेल्ट कशाला, ते आधीच सांगतो.

बेल्टपासून सुरुवात

पेट्रोल इंजिन स्वतःच्या मॅनिफोल्डमधून (हवा आत घेणाऱ्या नळीतून) ब्रेक बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, व्हॅक्युम देतं. डिझेलमध्ये हवेची वाट अडवणारी झडप नसते, त्यामुळे तिथे ओढ तयार होत नाही आणि वेगळा व्हॅक्युम पंप लावावा लागतो. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) पाठीला, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. बेल्ट तुटला की चार्जिंग बंद आणि व्हॅक्युमही बंद. डॅशबोर्डवर मात्र फक्त बॅटरीचा लाल दिवा लागतो. चालकाला वाटतं, बॅटरी भरलेली आहे, दिवसाउजेडी महाडपर्यंत पोचू. बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरता व्हॅक्युम शिल्लक असतो. तो संपला की पेडल दगडासारखं होतं, आणि तुम्ही तेव्हा वरंधा घाट उतरत असता.

बूस्टरपासून निघालेला जाड रबरी पाइप कुठे जातो ते एकदा बघून ठेवा. तो अल्टरनेटरच्या मागे जात असेल, तर चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागला की ब्रेक अजून आहे तोवर गाडी बाजूला घ्या. काही इंजिनांत पंप वेगळा, इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी असतो. तिथे एवढी घाई नाही, पण बेल्ट गेला की इंजिन तापतं ते वेगळंच.

बेल्टच्या सर्वांत लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने दाबा. साधारण १० मिमी आत गेला तर ताण ठीक. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल किंवा आडव्या भेगा असतील तर बदला. असल्या पंपाच्या अल्टरनेटरची आणखी एक खोड : पंपाला इंजिन ऑइल पुरवलं जातं, आणि मधलं सील गळू लागलं की ते ऑइल अल्टरनेटरच्या कार्बनवर (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या ठोकळ्यांवर) येतं. चार्जिंग अधूनमधून गायब होतं. अल्टरनेटरच्या पोटाला काळं, चिकट ऑइल लागलेलं दिसलं तर नुसते कार्बन बदलून भागणार नाही, सील आधी बदला.

बॅटरी

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, किल्ली न लावता, मीटर थेट बॅटरीच्या खुंट्यांवर लावा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो.

१२.६ व्होल्ट किंवा जास्त : पूर्ण भरलेली.
१२.४ : पाऊण.
१२.२ : अर्धी. महाबळेश्वरच्या थंडीत या बॅटरीवर डिझेल इंजिन फिरेलच असं नाही.
१२.० आणि खाली : रिकामी. आधी चार्जरवर लावा, निदान नंतर.

नुसत्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका. एखादा सेल मेलेली बॅटरी चार्ज करून ठेवली तरी काही तासांत साडेदहाच्या आसपास येऊन थांबते, आणि सल्फेट झालेली बॅटरी १२.६ दाखवूनही सेल्फ मारताच बसते. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर लावा. भरलेल्या सेलची घनता १.२५ ते १.२८ च्या दरम्यान येते. सहाही सेलमध्ये आकडा सारखा हवा. पाच सेल १.२५ आणि एक १.१८ असेल तर तो सेल गेला, आणि त्याच्यासोबत बॅटरीही.

खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. इंजिनाच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल अडवणाऱ्या विजेवरच्या झडपेची) वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मीटर खुंट्यांवर ठेवून पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी दमलेली आहे किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतोय. दुसरी चांगली बॅटरी लावून बघितलं की कोण गुन्हेगार ते कळतं.

पाणी फक्त डिस्टिल्ड, प्लेटांच्या वर साधारण १० मिमी. घरच्या आरओचं पाणी डिस्टिल्ड नव्हे, त्यात क्षार असतात. ॲसिड कधीही वरून घालू नका : उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. खुंट्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ओता, फेस थांबेपर्यंत ब्रशने घासा, कोरडं करा. आधी क्लॅम्प बसवा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. उलटं केलं तर व्हॅसलीन मध्ये अडकतं. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, हे दोन-तीन महिन्यांनी करावं लागतं.

चार्जिंग : इंजिन दीडेक हजार आरपीएमवर ठेवून १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. १४.८ च्या वर गेले तर रेग्युलेटर खराब. बॅटरीचं पाणी आटतं, बल्ब उडतात. मीटर एसीवर फिरवून तेच टोक तिथेच लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलाय, आणि तो रात्रीतून बॅटरीही उतरवू शकतो. आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट : किल्ली फिरवल्यावर, इंजिन बंद असताना, बॅटरीचा दिवा लागलाच पाहिजे. जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर चार्जच करत नाही आणि दिवाही लागत नाही, म्हणजे सगळं आलबेल वाटतं.

आता कॅम्परचं खास दुखणं. पंखे, फ्रिज, इन्व्हर्टर यांच्यासाठी मागे दुसरी बॅटरी असते, आणि जोडणाऱ्याने दोन्ही बॅटऱ्यांचे पॉझिटिव्ह एका वायरने सरळ जोडून टाकलेले असतात. मग रात्री बारा वोल्टचा फ्रिज दोन्ही बॅटऱ्या पितो आणि सकाळी सेल्फ उचलत नाही. मध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले हवा, जो साधारण १३.३ व्होल्टवर जोडतो आणि १२.८ च्या आसपास तोडतो. वायर निदान १६ चौरस मिमीची, आणि फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात. एकाच टोकाला फ्यूज लावलेला सर्रास दिसतो. वायर मध्ये कुठे घासून चासीला टेकली, तर दुसऱ्या बाजूची बॅटरी ती वायर लाल करते. मागची बॅटरी लिथियमची असेल तर रिले पुरत नाही, ती जुन्या अल्टरनेटरकडून झेपणार नाही एवढा करंट ओढते. तिथे डीसी-डीसी चार्जरच लावा.

दुसरी बॅटरी पूर्ण सोडवूनही पुढची उतरत असेल तर करंट कोण खातं ते शोधा. किल्ली काढा, दारं बंद करा, निगेटिव्ह क्लॅम्प सोडवून क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. अर्ध्या तासाने ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, ती लाइन. म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर आणि दाराच्या खांबातला दिवा हे नेहमीचे संशयित. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका.

सेल्फ

हेडलाइट लावा, किल्ली फिरवा, आणि एकाच वेळी दिवा बघा आणि आवाज ऐका. निम्मं निदान तिथेच होतं.

दिवे विझल्यासारखे झाले आणि कट-कट-कट आवाज आला तर बॅटरी उतरलीय किंवा जोड सैल आहे. सेल्फवरचा सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा स्विच) ओढतो, व्होल्टेज पडतं, सोडतो, परत ओढतो, म्हणून ती कटकट. दिवे ठणठणीत आणि काहीच आवाज नाही : सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही, म्हणजे किल्लीचा स्विच, रिले किंवा सोलेनॉइडची बारीक वायर. त्या वायरवर टेस्ट लॅम्प लावून किल्ली फिरवा. लॅम्प पेटला तर दोष सेल्फमध्ये, नाही पेटला तर वरच्या वायरिंगमध्ये. दिवे ठणठणीत आणि एकच 'टक' : सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळालेत किंवा कार्बन संपलेत. अशा वेळी सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने दोन हलके ठोके दिले की अडकलेला कार्बन टेकतो आणि गाडी सुरू होते. ठोक्यावर सुरू झाली याचा अर्थ कार्बन शेवटच्या मिलिमीटरवर आलेत, सेल्फ बरा झाला असं नव्हे. नुसतं भिर्र फिरलं तर बेंडिक्स (फ्लायव्हीलच्या दातांत अडकणारं सेल्फचं छोटं चाक) सरकत नाही. खर्र आवाज येत असेल तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत, किंवा सेल्फचे बोल्ट सैल आहेत. आधी बोल्ट बघा, फुकटात होतं.

हळूहळू, कण्हत फिरणारा सेल्फ सगळ्यात जास्त फसवतो. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो टेबलावर जोडून दाखवला तर सुसाट फिरतो, कारण तिथे दोष असणारी वायर नसते. तो काढण्याआधी वायरमध्ये व्होल्टेज किती हरवतं ते मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मग एक टोक निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. इथे ०.३ च्या आत. पॉझिटिव्हकडे जास्त आलं तर केबलचा लग (टोकाची धातूची कडी) बघा : वरून काळा रबरी टोप नीट दिसतो, सरकवला की आत हिरवी पूड आणि निम्म्या तारा तुटलेल्या.

निगेटिव्हकडे जास्त आलं तर इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी शोधा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट परत येण्याची वाट ती पट्टीच. जुन्या गाडीत ती काळी पडून, तारा सुट्या होऊन लोंबत असते किंवा गिअरबॉक्स उतरवताना कुणीतरी काढलेली असते. मग करंट दुसरी वाट शोधतो. दोन-तीनदा सेल्फ मारून ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल हाताने चाचपा. गरम लागली तर दुसरं काही शोधायची गरज नाही. खात्रीसाठी एक जंपर केबल निगेटिव्ह खुंटीपासून थेट इंजिनाला लावा. सेल्फ एकदम जोमात फिरला तर नवी पट्टी टाका, आणि दोन्ही बाजूंची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासून मगच आवळा.

दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. हीटर प्लग (सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणारे) असलेल्या इंजिनात दिवा विझेपर्यंत थांबायचं. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर तो सेल्फचा दोष नाहीच : हीटर, डिझेलमधली हवा किंवा स्टॉप सोलेनॉइड बघा. आणि पुराच्या पाण्यातून गाडी आल्यावर सेल्फ एकदा 'ठक' करून थांबला तर तिथेच हात आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पुढच्या प्रयत्नात कनेक्टिंग रॉड वाकतो. हीटर प्लग किंवा इंजेक्टर काढून, पुलीला पाना लावून हाताने फिरवा आणि पाणी बाहेर येऊ द्या.

जंपर लावताना क्रम : लाल आपल्या पॉझिटिव्हला, लाल दुसऱ्याच्या पॉझिटिव्हला, काळी दुसऱ्याच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. हायवेवर मदतीला बहुधा ट्रकवालाच थांबतो. त्याची गाडी २४ व्होल्टची असते. त्याने प्रेमाने केबल पुढे केली तरी नको म्हणा, एखादी जीप किंवा कार थांबवा.

धक्का स्टार्ट दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन सुरू होईपर्यंत ब्रेकला बूस्टर नाही हे लक्षात ठेवा. म्हणून उतारावर, पुढे माणसं असताना, हा प्रयोग नको.

ब्रेक

आधी पायाने चौकशी करा, पाना नंतर. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टर आणि व्हॅक्युम दोन्ही चालू. हललंच नाही तर पाइप काढून अंगठा लावा, बोट घट्ट ओढलं गेलं पाहिजे. ओढ आहे, तरी पेडल कडक असेल तर वन-वे व्हॉल्व्ह किंवा बूस्टर. ओढ नसेल तर पाइपच्या वळणावर बघा : वाकवल्याशिवाय न दिसणारी चीर तिथेच पडते आणि कान जवळ नेला तर फुसफुस ऐकू येते.

पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल बघा. ती कुठेच नसेल आणि टाकीतलं ब्रेक ऑइलही कमी होत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबरी कप गेलेत. ऑइल कमी होतंय पण बाहेर थेंब नाही, तर ते बूस्टरच्या पोटात जातंय : मास्टर सिलिंडर बूस्टरपासून पुढे सरकवा आणि मागची बाजू बघा.

पहिल्या दाबात पेडल खाली, दुसऱ्यात वर आलं, तर बहुतेक वेळा मागचे लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे) ड्रमपासून लांब राहिलेत. लोक इथे ब्रेक ऑइलमधली हवा काढत बसतात. मागचं चाक उचला, हँडब्रेक सोडा, मागच्या प्लेटच्या छिद्रातून चपटा स्क्रूड्रायव्हर घालून दातेरी चाक फिरवा. चाक हाताने फिरेनासं झालं की काही दात मागे, फक्त हलका घास ऐकू येईल इतकं. स्पंजासारखं मऊ पेडल असेल तर मात्र आत हवा आहे.

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर ती चालणाऱ्या ब्रेकच्या बाजूला ओढते, दोष विरुद्ध बाजूला असतो. चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या (लावू नका). एकच चाक तापलं असेल तर तिथे ब्रेक चिकटून राहतोय. ते चाक उचला, निप्पल (हवा काढायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकला होता : रबरी होज आतून सुजलाय. मोकळं झालं नाही तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिन गंजलीय.

ड्रम काढल्यावर धूळ फुंकू नका, हवाही मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरचा रबरी टोप नखाने उचला. आत ओल असेल तर सिलिंडर बदला, आणि एका बाजूचा बदलला की दुसऱ्या बाजूचाही. ओल पातळ आणि पाण्याने धुतली जात असेल तर ब्रेक ऑइल. जाड, गंधकाचा वास येणारी असेल तर ते ॲक्सलचं ऑइल, आणि दोष हबच्या सीलमध्ये. भिजलेले लायनर धुऊन परत लावू नका. रिव्हेटच्या डोक्यावर १ मिमीपेक्षा कमी लायनर किंवा ३ मिमीपेक्षा कमी पॅड उरले असतील तर बदला.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. पावसाळी हवेत पाणी शोषलं जातंच, म्हणून दोन वर्षांनी सगळं बदला, आणि वर्षभर उघडी पडलेली बाटली वापरू नका. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंग ऑइल एक चमचा जरी पडलं तरी सगळे रबरी कप फुगतात.

हवा काढताना लांबच्या चाकापासून : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निप्पलला आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, तुटला तर सिलिंडरच बदलावा लागतो. पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेल्याला सांगा, "दाब." निप्पल सोडा, ऑइल वाहू द्या, निप्पल बंद करा, मग "सोड." हा क्रम चुकला की हवा परत आत. पेडल तळापर्यंत आपटू देऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा : जुन्या मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग कधी वापरात नसल्याने गंजलेला असतो आणि कप तिथेच फाटतात. दर पाच-सहा दाबांनी टाकी भरा. मागच्या ॲक्सलला वजनावर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर ॲक्सल लोंबकळत ठेवून हवा निघत नाही, वजन ॲक्सलवर असू द्या.

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, शिवाय ट्युब्युलर बॅटरी, पलंग, गॅस सिलिंडर. एवढं वजन घेऊन आंबोली उतरताना ज्या गिअरने चढली असती त्याच गिअरने उतरवा. न्यूट्रल नाही, इंजिन बंद तर मुळीच नाही. जळका वास आणि पेडल लांब जाऊ लागलं की थांबा, गिअरमध्ये ठेवा, चाकामागे ठोकळे. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नका, पाणीही ओतू नका. पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल तरही हँडब्रेक सोडूनच, नाहीतर लायनर ड्रमला गंजून धरतो.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, कारण नव्या पॅडचे पिस्टन मागे गेलेले असतात आणि पहिला दाब रिकामा जातो. मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने दोनदा थांबवून बघा, मग रस्त्यावर. चाकाचे नट समोरासमोरचे आवळा आणि ५० किलोमीटरनंतर परत एकदा पाना फिरवा.